मुका माज

लग्न होऊन केंदूरला आले तेव्हा मला गाईची धारसुद्धा नीट काढता येत नव्हती. आज माझ्यावाचून आमच्या गोठ्यातल्या गाई गाभण राहत नाहीत. ऐकणाऱ्याला याचं कौतुक वाटतं. मला वाटत नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात मी माहेरी सलग दोन रात्री झोपलेली नाही, आणि त्याला हे कौतुकच कारण आहे.

माहेर काही लंकेत नाही. सोलापूर रोडवरचं भांडगाव. तळेगाव ढमढेऱ्याहून जीप, न्हावऱ्याहून एसटी, चौफुल्याला उतरलं की भाऊ मोटरसायकल घेऊन उभा. सकाळच्या धारा उरकून निघालं की दुपारी आईच्या पानाला पान लावून जेवता येतं. पण संध्याकाळच्या धारांना परत केंदूर. त्यामुळे मी दारात दिसले की आई "कधी आलीस" असं कधीच विचारायची नाही. "कधी निघणार?" हाच तिचा पहिला शब्द. मी वेळ सांगायचे आणि ती त्या हिशेबानं पोळ्या लाटायला बसायची.

गाई सांभाळणाऱ्याला हे सांगायला नको, पण ज्यानं दूध फक्त पिशवीत बघितलंय त्याच्यासाठी सांगते. गाय व्याली की दूध देते, आणि दूध चालू राहायचं तर ती वेळेत पुन्हा गाभण राहायला हवी. ती दर तीन आठवड्यांनी माजावर येते, तेही थोड्याच तासांपुरती. तेवढ्या वेळात कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, डॉक्टरला फोन जायला हवा, आणि त्यानं कॅनमधली वळूच्या बीजाची कांडी आणून गाय भरायला हवी. वेळ हुकली की तीन आठवडे पाण्यात. चांगली गाय त्या दिवशी स्वतःच बोभाटा करते. हंबरते, दावं ओढते, शेजारणीच्या अंगावर चढायला बघते. आमच्या गाई यातलं काही करत नाहीत. त्यांचा माज मुका. उभ्या असतात, रवंथ करतात, आणि आमच्या घरातले बाप्ये बघून म्हणतात, "गप हायत."

मला मात्र दिसतं. त्या सकाळी गाय थोडं दूध चोरते. पेंड पुढ्यात टाकली तरी लगेच तोंड घालत नाही, आधी मान वळवून बाहेर बघते, मग उशिरानं खाते. बाकीच्या बसल्या तरी ती उभी राहते. शेपटीखाली काचेसारखी चिकट तार लोंबते, पण तीही नेहमी नसते. यातलं एकेक बघितलं तर काहीच नाही. सगळं मिळून माझ्या पोटात कळतं की आज हिचा दिवस. मी सांगते, डॉक्टर येतो, हात घालून बघतो आणि दर वेळी मान डोलावतो. "वहिनी, तुमच्या डोळ्याला तोड न्हाई." सुरुवातीला हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. खोटं कशाला बोलू?

आमच्या घरात कुठली कालवड ठेवायची हे सासरे ठरवतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांची पद्धत सोपी. वासरू जमिनीवर पडलं की ते एकच प्रश्न विचारतात, "आईचं दूध किती?" आकडा पसंत पडला तर कालवड राहिली, नाही तर गेली. कांडी निवडतानाही तेच. डॉक्टरनं मोबाईलवर वळूचा फोटो दाखवला की आबा चष्मा वर करून विचारणार, "ह्याच्या आईचं दूध किती?" लेकाचं लग्न ठरवतानासुद्धा त्यांनी एवढी चौकशी केली नसेल. म्हणून तर मला धार काढता येत नाही हे त्यांना लग्नानंतर कळलं.

मी नवी होते तेव्हा गोठ्यात एक थोरली गाय होती. दुधाला नुसती विहीर. डेअरीवर आमच्या किटल्या बघून लोक वळून बघायचे. पण व्याल्यावर ती माजच दाखवायची नाही. आबांनी वाट बघितली, पुन्हा बघितली, आणि काढून टाकायचं ठरवलं. तेव्हा मी शेण भरता भरता बोलले की ती आज येगळी दिसतीया. नवऱ्यानं हसण्यावारी नेलं. आबांनी मात्र डॉक्टरला बोलावलं, गाय भरली, गाभण राहिली आणि तिला कालवड झाली. त्या दिवशी आबांनी पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी चहा मला द्यायला सांगितला. त्या कालवडीची पुढं गाय झाली, तीही मुकी. तिच्या लेकी मुक्या. थोरलीच्याच पोटचा गोतावळा वाढत वाढत सगळी दावण भरली.

मागं एकदा मी गोठ्यात घसरले आणि उजवा हात मोडला. प्लास्टर घालून मला लेकीकडे ठेवलं. तिथं मला गोठ्याचा वास नाही म्हणून झोप लागेना, ते जाऊ द्या. मी परत आले तर तेवढ्या काळात एकही गाय भरलेली नव्हती. म्हणजे एक सोडून. ती एक माझ्या माहेरची. भावानं सगळा ऊस केला आणि गाई मोडल्या तेव्हा आईनं हट्टानं मला पाठवलेली. दुधाला बेताची, पण माजावर आली की खालच्या आळीला ऐकू जाईल अशी बोंबलणारी. आबा तिला बघून म्हणायचे, "चरवीभर दूध आन् गावभर बोंब. भांडगावचीच हाय." हे शेवटचं मला उद्देशून असायचं.

मी आल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नवरा म्हणाला, "तू न्हाईस तर गोठा आंधळा हाय बघ." डॉक्टर चहाला बसला होता, त्यानंही री ओढली. मला नेहमीसारखा आनंद व्हायला हवा होता, पण त्या दिवशी तो शब्द कुठंतरी टोचला. गळ्यात अडकवलेला हात सांभाळत मी दावणीकडे बघत होते. ही थोरलीची नात, ही पणती, ही तिची भाची. सगळ्या गप. आणि टोकाला एकटी परकी, बोलणारी.

मी डॉक्टरला विचारलं, "मुका माज आईकडनं येतो का वो?"

"येतो की थोडाफार," तो म्हणाला. "खुराक, बांधून ठेवणं, ऊन, ह्याचंबी असतंच. पण येतो. बाहेरच्या देशात आता वळू निवडताना त्याच्या लेकी येळंवर गाभण जातात का हेबी बघत्यात. नुसतं दूध न्हाई."

"मग आपल्याकडं?"

"आपल्याकडं आबा हायत ना," तो हसला. मग कप खाली ठेवून सहज म्हणाला, "आता हीच थोरली बघा. तुम्ही नसता तर ती तवाच गेली असती. तिची जात तिथंच संपली असती."

तो निघून गेला. त्याला वाटलं त्यानं माझं कौतुक केलं. मी तिथंच बादलीवर बसले. ज्या गाई स्वतःहून सांगत नव्हत्या त्या गोठ्यातून आपोआप गळाल्या असत्या आणि बोलणाऱ्या राहिल्या असत्या. पण मी एकेकीला ओळखून ओळखून भरवत गेले, आणि आबा दुधाकडं बघून त्यांच्याच लेकी ठेवत गेले. आमच्या दोघांच्या हुशारीतून असा गोठा तयार झाला, ज्याला माझ्या डोळ्यांशिवाय जगताच येत नाही. गाई दाव्याला बांधलेल्या होत्या हे खरं. दाव्याचं दुसरं टोक माझ्या कमरेला होतं आणि गाठ मीच मारत होते. मला रडू नाही आलं. राग आला. कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून त्या दिवशी भाकरी करपल्या.

त्यानंतर मी भांडायला सुरुवात केली. माहेरच्या गाईला कालवड झाली आणि आबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "दूध नगा विचारू. ही ऱ्हाणार."

"कशापायी?"

"तिची आई बोलती म्हणून."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच हंबरले. चार दिवस घरात अबोला. नवरा मध्येच लोंबकळत राहिला. तो वाईट माणूस नाही, पण बाप आणि बायको यांच्यात त्याचं नेहमी सँडविच होतं आणि तो त्यातच सुखी असतो. शेवटी कालवड राहिली. डॉक्टरला मी दम भरला की ज्या वळूच्या लेकी वेळेवर गाभण जातात त्याची कांडी मिळाली तर आण, थोडं दूध कमी पडलं तर माझ्या नावावर. तशी कांडी त्यानं आणली, आणि माहेरच्या गाईला भरली. पुन्हा कालवड. पण गाय म्हणजे काही मेथीची जुडी नव्हे की या महिन्यात पेरली आणि पुढच्या महिन्यात बाजारात नेली. कालवड वाढणार, भरणार, विणार, मग तिची लेक. एक पिढी बदलायला वर्षं जातात. आणि तोवर दावण थोरलीच्या नातवंडांची होती. सकाळी उठून त्यांच्या डोळ्यांत बघायचं माझं काम चुकलं नव्हतं.

त्यातली सगळ्यात धाकटी माझी लाडकी होती. तिची आई विताना आजारी पडली म्हणून मी तिला बाटलीनं पाजलं होतं. अजूनही मी जवळून गेले की ती माझ्या पदराचं टोक तोंडात धरते. दूध थोरलीसारखं. माज थोरलीपेक्षा मुका. मागच्या वेतानंतर मी तिला दोनदा ओळखलं, दोनदा भरली आणि दोन्ही वेळा ती उलटली, गाभण राहिलीच नाही. दूध आटत चाललं. आबांनी सांगून टाकलं, "आता फुडल्या बारीला भरून बघायची. न्हाई जमलं तर द्यायची."

द्यायची म्हणजे कुणाला, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. कापायला बंदी आहे. त्यामुळे भाकड गाय कुणी उघडपणे विकत नाही आणि कुणी फुकट पोसतही नाही. सकाळी दावणीला असते, संध्याकाळी नसते. रिकाम्या जागी कुणीतरी शेण झाडून घेतं आणि जेवताना हवापाण्याच्या गप्पा होतात.

अशात भावजयीचा फोन आला. ती मला वन्स म्हणते, तोंडाची फटकळ आहे, पण मनानं सरळ. म्हणाली, "वन्स, आईंचं आता काय खरं न्हाई. ह्यांना काल दादा म्हनल्या. मला तर रोज इचारत्यात, तू कुनाची. तुमचं नाव अजून घेत्यात. इसरायच्या आधी चार दिस ऱ्हाऊन जावा. तासाभराचं येनं आता नगं."

मी फोन ठेवला आणि तिथल्या तिथं घरात सांगितलं की मी चार दिवस भांडगावला जाणार. विचारलं नाही, सांगितलं. आबा म्हणाले, "आन् गाई?" मी म्हटलं, "गाईंची मी आई न्हाई, माझी आई तिकडं हाय." हे बोलल्यावर माझं मलाच नवल वाटलं. निघायच्या आधी मी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या माजाला अजून अवकाश आहे, मी परत आल्यावरच येईल, असा माझा अंदाज होता. तिनं नेहमीसारखा पदर धरला. मी तो सोडवून घेतला.

आईनं मला दारात बघितलं आणि ओळखलं. "कधी निघणार?" तिनं विचारलं.

"न्हाई निघणार. ऱ्हाणार हाय."

तिला हे पटलं नाही. ती पोळ्या लाटायला उठली. तिला बसवलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच, "कधी निघणार? ऊन खाली झालं की निघ." दुपारी मी तिचे केस विंचरले, तेल लावलं. ती भावाच्या लहानपणच्या खोड्या सांगत होती, एकच खोडी पुन्हा पुन्हा, आणि मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसत होते. संध्याकाळी धारांची वेळ झाली तसे माझे हात आपोआप शिवशिवायला लागले. उगाचच उठले, परसात गेले. तिथं भावाचा ऊस उभा होता. गोठ्याच्या जागी आता ट्रॅक्टर लावतात. मी ट्रॅक्टरकडे बघत उभी राहिले आणि भावजय म्हणाली, "त्याला काय बघता वन्स, त्यो माजावर येत न्हाई." आम्ही दोघी पोट धरून हसलो.

रात्री आईच्या शेजारी झोपले. लग्नाआधी झोपायचे तशी, भिंतीच्या बाजूला.

सकाळी चहा घेत होतो तेव्हा नवऱ्याचा फोन आला. आवाजात एवढा उत्साह की मला वाटलं लॉटरी लागली. "अगं, तुझी भांडगावची कालवड लई बोंबालतीया. दावं तोडाया बघतीया. आबांनीच ओळखलं! डॉक्टरला बोलावलंय." मागून आबांचा आवाज आला, "सांग तिला, मला कळलं म्हणावं." फोनमधून कालवडीचं हंबरणं ऐकू येत होतं. स्वच्छ, मोठं, लाज नसलेलं. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघत होते ते हेच होतं. आमच्याच गोठ्यात जन्मलेल्या कालवडीचा, आबांनासुद्धा कळेल असा माज.

"बाकीच्या?" मी विचारलं.

"बाकीच्या सगळ्या गप हायत. तू काय काळजी करू नगस. तुझी धाकटी तेवढी... दूध जरा कमी दिलं तिनं सकाळी. पेंडबी लगीच खाईना, भायेरच बघत बसली. खाल्ली मग. तापलीय का काय? डॉक्टरला ताप बघाया सांगतो."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. त्याला सगळं दिसलं होतं. एकेक खूण तो मला वाचून दाखवत होता आणि त्याला काहीही कळलं नव्हतं. माझा अंदाज चुकला होता. ती आजच माजावर आली होती. डॉक्टर गोठ्यात यायचाच होता. मी दोन शब्द बोलले असते तर तिला भरलं असतं. कदाचित ती या वेळी गाभण राहिलीही असती. तिला लेक झाली असती, मुकी, दुधाला विहीर, आणि आबांनी ती ठेवली असती. मग तिचीही लेक. त्या सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या असत्या.

आणि मी बोलले नाही तर ती एक दिवस दावणीला नसेल. माझ्या हातून बाटलीनं दूध प्यालेली. पदर धरणारी.

"काय गं? हायेस ना?" नवरा म्हणाला.

मी म्हटलं, "ताप नसंल. ऊन लागलं असंल."

"व्हय, तसंच असंल," तो म्हणाला आणि कालवडीकडे धावला. फोन बंद झाला. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली नाही, कारण मागून काय उपयोग होता? फक्त तिचं ते बाहेर बघणं डोळ्यांपुढून हलेना. ती माझीच वाट बघत असणार. दुसरं कुणी तिला वाचलंच नव्हतं कधी.

वळून बघितलं तर आई उठली होती. भिंतीला धरत धरत ती खुंटीपाशी गेली होती आणि तिनं माझी पिशवी काढली होती. माझं घडी केलेलं लुगडं, कंगवा, टॉवेल, एकेक करून ती आत भरत होती. लेकाला ती दादा म्हणत होती, सून तिला परकी झाली होती. पण फोन वाजला की लेक निघते, हे तिच्या हातांना अजून पाठ होतं.

"निघ," ती म्हणाली. "गाई खोळंबल्या असतील."

मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि परत खुंटीला अडकवली.

"न्हाई आई," मी म्हटलं. "सगळ्या गप हायत."